घर उपसायचं कधी: वैशाखात की गणपतीच्या तोंडावर?

कोकणात घर आणि मुंबई-पुण्यात नोकरी असली की रजेचं गणित दरवर्षी एकाच ठिकाणी अडतं. आंब्या-फणसाला जायचं की गणपतीला? दोन्ही वेळा जाणारे भाग्यवान असतात. पण कपाटं भिंतीपासून ओढायची, माळा रिकामा करायचा, गाद्या-गोधड्या खळ्यात काढायच्या, भिंती वरपासून खालपर्यंत पुसायच्या, हे असलं घर उपसण्याचं काम त्यांच्याकडूनही वर्षातून एकदाच होतं. ते पावसाआधी उरकावं की गणपतीच्या आधी, एवढाच इथला प्रश्न. बुरशी म्हणजे काय आणि कुबट वास कसा असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आमचं घर सिंधुदुर्गात. जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आतून सिमेंटचा गिलावा. पावसाळ्यात बहुतेक काळ दाराला कुलूप. दोन्ही वेळा साफसफाई करून झाली आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण गणपतीवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही.

एक तर गणपतीला घर झाडून-पुसून व्हायचंच असतं. गणपतीची भिंत रंगवायची, माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) बांधायची, म्हणजे खोली रिकामी होतेच. मग तोच हात पुढे माजघरापर्यंत फिरवायला काय हरकत आहे? शिवाय माणसं असतात. भाऊ, पुतणे, वाडीतली पोरं, एका हाकेला चार जण येऊन गोदरेजचं कपाट सरकवून देतात. मे महिन्यात हेच कपाट सरकवायला गडी शोधत फिरावं लागतं. जो तो आंबा-काजूत, नाहीतर स्वतःच्या आगोटीच्या कामांत: कौलं शाकारायची, लाकडं भरायची, कुळीथ-तांदूळ उन्हाला घालायचे. पैसे देऊनही माणूस मिळेलच असं नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. श्रावणात रोग अंगावर दिसतो. वैशाखात भिंत कोरडी ठणठणीत असते. काळपट डाग दिसतो, पण तो गेल्या वर्षीचा की पाच वर्षांपूर्वीचा, आणि पाणी आलं कुठून, ते भिंत सांगत नाही. पावसात सांगते. जमिनीलगत सगळीकडे सारख्या उंचीचा ओला पट्टा असेल तर ती खालून चढलेली ओल. वासे-कौलांच्या बाजूने खाली उतरत आलेला ओघळ असेल तर कौल फुटलंय किंवा पन्हळ तुंबलीय. दक्षिणेच्या नाहीतर पश्चिमेच्या भिंतीवर, मध्येच कुठेतरी, मोठा ओला चट्टा असेल तर तो झडीचा, कारण पावसाळी वारा त्याच अंगाने येतो. आणि नुसत्या कपाटामागेच बुरशी असेल, आजूबाजूची भिंत बरी असेल, तर गळती नाही, हवा खेळत नाही एवढंच. या चार गोष्टींचे चार वेगळे उपाय आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या तिन्हींना फडकं मारून काही होत नाही. तुमच्या घरात ओल नक्की कुठून येते हे अजून कळलं नसेल, तर एक पावसाळा ते पाहण्यात घालवणं शहाणपणाचं. इथे मी गणपतीवाल्यांना पूर्ण गुण देतो.

तिसरं म्हणजे ओली बुरशी उडत नाही. वैशाखात वाळलेल्या बुरशीवर कुंचा फिरवला की तिची पूड घरभर होते आणि घरात दम्याचं माणूस असेल तर त्याची संध्याकाळ वाईट जाते. यावर उपाय सोपा आहे. कोरडं खरवडायचंच नाही. आधी पाण्याचा फवारा मारायचा, मग ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं, नाका-तोंडाला मास्क. पण उपाय करावा लागतो, हे खरं.

इतकं सगळं गणपतीच्या पारड्यात पडूनही माझं घोडं अडलं ते फडक्यापाशी.

श्रावणात घर पुसायला काढलं की पहिल्या दिवशी सगळं झकास होतं. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं, भिंतीवरून फिरवलं, राखाडी थर निघाला, खाली गिलावा स्वच्छ. फडकं धुतलं, पिळलं, पडवीत दोरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जसं टाकलं तसंच. गार आणि ओलं. तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो, आणि तो वास कसला हे ओळखायला नाक तीक्ष्ण लागत नाही. आता याच फडक्याने पुढची भिंत पुसायची म्हणजे बुरशी काढायची की लावायची? मग कोरडी फडकी शोधायची. जुने पंचे संपतात, बनियनं संपतात, आईची ठेवणीतली मऊ झालेली सुती लुगडी फाडायची वेळ येते. चुलीवर आडवी काठी बांधून फडकी वाळवावीत तर त्यांना धुराचा वास. इस्त्री फिरवावी तर वीज गेलेली. घर पुसण्यापेक्षा घर पुसायची फडकी वाळवण्यात दिवस जातो. शेजारच्या काकी पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, ‘पावसात पुसलंस काय नि नाय पुसलंस काय, सारख्याच.’

फडकं हे नमुन्यादाखल. जे फडक्याचं तेच भिंतीचं. पुसलेली भिंत ओलीच राहते. गोधडी धुवायला काढली तर तिचं पाणी निथळतं, पण ती वाळत नाही. कापसाच्या गादीला तर हात लावायची सोय नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा घरातल्या बुरशीबद्दलचा एक साधा नियम आहे: भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. नियम चांगला आहे, पण तो श्रावणात कोकणात पाळायचा कसा? घरातल्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी असंही तीच संस्था सांगते. जुलै-ऑगस्टात किनारपट्टीला बाहेरच्या हवेचीच आर्द्रता ८० च्या वर असते, म्हणजे खिडकी उघडली की ओल बाहेर जाण्याऐवजी आत येते. अशा हवेत पाण्याने घर धुणं म्हणजे जी गोष्ट कमी करायची तीच बादलीने ओतणं. कदाचित तुमचं घर उंचावर, वाऱ्याच्या तोंडावर असेल आणि तुम्हाला हा त्रास इतका होत नसेल. आमच्याकडे माडांची दाट सावली आहे, हेही धरून चला.

वैशाखात हीच फडकी तासाभरात कडक होतात. बाकी सगळं तिथूनच सोपं होत जातं. गाद्या खळ्यात टाकल्या, दुपारी एकदा उलटल्या, काम झालं. लाकडी पेटारा पुसून उघडा ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या आतला वास गेलेला असतो. एक पथ्य पाळावं लागतं. उन्हं कलायच्या आत कपडे आणि गोधड्या उचलून पत्र्याच्या ट्रंकेत बंद करायच्या. किनाऱ्यालगत संध्याकाळ झाली की हवा परत दमट होते आणि दिवसभर तापवलेलं कापड ती ओल निमूट पिऊन घेतं.

आणि मुळात पावसाआधीची साफसफाई कशासाठी असते? ओल तर येणारच. ती थांबवणं फडक्याच्या हातात नाही. आपण काढून घेतो ते बुरशीचं खाणं. धूळ, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तेलकट थर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची खळ, चामड्याच्या पट्ट्यावरचा घाम. सुती साड्यांना स्टार्च करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: पावसाळ्यात कपाटात ठेवायच्या साड्या बिनस्टार्चच्या ठेवाव्यात. स्टार्च हे पीठच, बुरशीला ते आवडतं. आमच्याकडे साडीच्या घड्यांवर ठिपके यायचे ते ही एक गोष्ट बदलल्यावर बरेच कमी झाले. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचं, हेही तेव्हाच जमतं. गणपतीला माणसं मदतीला येतात खरी, पण तेव्हाच घरात पाहुणे असतात आणि खोलीतली चार बोटंही कुणाच्या तरी अंथरुणाला हवी असतात.

औषधांच्या बाबतीतही वैशाख सोयीचा पडतो. न्हाणीघराच्या टाइल्सच्या फटींना मी ब्लीचच वापरतो. पण ते वापरायचं तर दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, आणि श्रावणात त्या उघडल्या की झड आत येते. गिलाव्यावर आणि लाकडावर ब्लीच मारून फारसा उपयोग होत नाही. वरचा डाग पांढरा होतो, पाणी आत मुरतं, आणि काही दिवसांनी डाग परत तिथेच. तिथे साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग ऊन. व्हिनेगरचे भक्त खूप आहेत, मीही वापरतो, पण शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर नाही. दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट लागलं की चकाकी जाते ती परत येत नाही. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास धुवायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही, यांतलं थेंबभरसुद्धा मिसळू नका. विषारी वायू होतो.

वैशाखाच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा २०२५ ने दिला. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच आला, आणि त्याच्या आधीही वळवाने पाठ सोडली नव्हती. मे अखेरची रजा टाकून बसलेल्यांच्या गाद्या उन्हाला निघाल्याच नाहीत. ‘मृगाच्या आधी आठवडाभर’ हा जुना हिशेब आता मला तरी धरवत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आसपास, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरकायला हवं. म्हणजे भर उन्हात, घामाने निथळत. ते ज्यांना झेपत नाही त्यांनी सकाळी सात ते अकरा एवढंच काम करावं. दुपारी आमच्याकडेही कुणी हलत नाही.

आणि वैशाखात घर उपसलं म्हणून गणपतीला बुरशीच दिसणार नाही, असं म्हणणार नाही. चपलांवर, पट्ट्यावर, देव्हाऱ्याच्या मागे राखाडी साय असतेच. फरक पडतो तो दार उघडल्याउघडल्या. पूर्वी कुलूप काढलं की आत पाऊल टाकायच्या आधी दोन-चार शिंका ठरलेल्या. आता खिडक्या उघडून चहा टाकेपर्यंत वास निवळतो. हे माझ्या नाकाचं मोजमाप आहे, तुमच्या नाकाचं वेगळं निघू शकेल.

‘डीह्युमिडिफायर का नाही घेत?’ हे बरेच जण विचारतात. राहत्या घरात घ्यावा, मुंबईच्या फ्लॅटमध्ये तर खरंच उपयोगी. पण त्याची टाकी कुणीतरी ओतायला लागते, आणि कुलूप लावलेल्या घरात पावसाळाभर वीज चालू ठेवून यायची माझी तयारी नाही. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे एका कपाटापुरते ठीक, पण तेही भरतात आणि बदलायला माणूस लागतो.

एक तडजोड मात्र सुचवेन. गणपती उशिरा येतात त्या वर्षी. २०२५ ला ते २७ ऑगस्टला होते, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. चंद्राच्या पंचांगाने सण पुढे सरकतो, पाऊस काही सरकत नाही, त्यामुळे सप्टेंबरातल्या गणपतीला मध्येमध्ये चांगलं ऊन पडतं. अशा वर्षी वैशाखातली रजा खरोखरच निघत नसेल तर गणपतीच्या आधी घर उपसायला हरकत नाही. निदान फडकी वाळतील. ऑगस्टातल्या गणपतीला मी फक्त कोरडं झाडणार, जमीन पुसणार आणि बाकीच्याला हात लावणार नाही.

एक गोष्ट दोन्ही पक्षांनी मानावी: गणपतीच्या भिंतीचा रंग वैशाखातच काढून घ्यावा, चित्र हवं तर नंतर. ओल्या भिंतीवर श्रावणात मारलेला ऑइलपेंट गणपतीत तुकतुकीत दिसतो आणि दिवाळीपर्यंत फुगे धरून पापुद्रे सोडतो. चुना मारलात तर निदान फुगे तरी धरत नाहीत.

वैशाख ठरवणार असाल तर लवकर ठरवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, म्हणजे एप्रिल अखेरच्या गाडीसाठी फेब्रुवारी संपतासंपता बसायला हवं, आणि त्या गाड्यांना आंबे खायला निघालेल्यांची गर्दी गणपतीपेक्षा फार कमी नसते.