विश्रामबागेतलं 'फुकट' सल्ला केंद्र : पाचपैकी अडीच तारे

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. त्यामुळं कुणी 'आमची फी शून्य' म्हटलं की मी आधी बघतो, पैसे मग देतंय कोण? पोरीला बारावीनंतर बाहेर जाऊन फिजिक्सच करायचंय, म्हणून विश्रामबागेतल्या, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका केंद्राच्या चार खेपा झाल्या. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे.

दुसऱ्या खेपेला तिनं केंब्रिजचं विचारलं. साहेबांनी कॉम्प्युटरवर यादी उघडली, 'पी'पर्यंत खाली गेले, परत वर आले, चष्मा पुसला. म्हणाले, "तिथं फिजिक्स नाहीये, बेटा." पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग माऊस मागून घेऊन 'एन'वर नेला. नॅचरल सायन्सेस. तिथं फिजिक्स त्याच पदवीत येतं. पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय आणि गणित, मग पुढं फिजिक्स वाढवत न्यायचं. गाडीवर बसल्यावर म्हणाली, "पप्पा, १८९७ ला इलेक्ट्रॉन तिथंच सापडला की!"

शिवाय 'फॉर्मला जानेवारीपर्यंत वेळ आहे' असं आम्हाला सांगितलेलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, आणि दोन्हीपैकी एकालाच अर्ज करता येतो. ती तारीख आमची गेली. याचा राग अजून आहे.

जर्मनीचा विषय तर 'भाषेचा प्रॉब्लेम' म्हणून एका वाक्यात मिटवला. अर्धं खरं आहे. तिथले बहुतेक पदवी अभ्यासक्रम जर्मनमध्येच चालतात; पण लायपझिगला फिजिक्स इंग्रजीतून आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) दाखवावे लागतात, आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळेलच असं नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल तर वाट सोपी होते. हे सगळं पोरीनं शोधलं. मी साहेबांना सरळच विचारलं, विद्यापीठांकडून कमिशन किती? "सर, जर्मनीतनं आम्हाला काही येत नाही." खरं बोलले, अर्धा तारा त्याचा.

उरलेले दोन तारे काउंटरवरच्या मुलीला. मार्कलिस्टवर आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक, हे तिनं पहिल्याच दिवशी पकडलं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तोंडी तयारीही तिथं छान घेतात, त्यासाठी अजून जातोय.

विद्यापीठ मात्र घरीच ठरवतोय. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही. पोरीनं लायपझिगच्या मॉड्यूल हँडबुकची, म्हणजे विषयवार अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेची, प्रिंट काढलीय आणि लॅबचे तास किती, क्वांटम कोणत्या सेमिस्टरला, यावर पिवळ्या पेनानं रेघा मारत बसलीय. हा कागद केंद्रात चार खेपांत एकदाही निघाला नव्हता. निघायची ती रँकिंगची रंगीत यादी.

जाणार असाल तर सहाच्या आत जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.