ऑफिसच्या रिपोर्टचं टेम्प्लेट बनवायचंय: वर्ड, इनडिझाइन, लेटेक की टाइप्स्ट?

आमचं एनर्जी ऑडिटचं छोटं ऑफिस आहे, महिन्याला ४०-४२ पानांचे ४-५ रिपोर्ट बाहेर जातात, काही इंग्रजीत, काही मराठीत. लोगो, दोन ठरलेले रंग, एक फॉन्ट आणि प्रत्येक पानावर रिपोर्ट नंबर, एवढंच पाहिजे होतं, पण त्यासाठी चारही रस्ते धरून बघितले (वर्ड, पानं मांडायचं इनडिझाइन, आणि मजकूर कोडसारखा लिहून पीडीएफ बनवणारे लेटेक आणि टाइप्स्ट), म्हणून जे आत्ता ठरवायला बसलेत त्यांच्यासाठी लिहितोय. सगळ्यात आधी एक ठरवा, तुमच्यानंतर त्या फाइलला हात कोण लावणार? माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

वर्डपासून सुरू करू, कारण ते सगळ्यांकडे असतंच. नीट बनवलेलं वर्ड टेम्प्लेट खरंच चांगलं चालतं, फक्त ते स्टाइल्सवर उभं पाहिजे, म्हणजे हेडिंग, बॉडी, टेबलचा मजकूर, कॅप्शन सगळ्याला स्टाइल आणि रंग थीममध्ये भरलेले. मराठीत एक गोष्ट हमखास राहते: फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा कप्पा वेगळा असतो, फॉन्टही वेगळा आणि साइजही वेगळी, तो न भरता सोडला की इंग्रजी तुमच्या फॉन्टमध्ये आणि मराठी भलत्याच फॉन्टमध्ये. आमचा खरा त्रास पेस्टचा होता. कोणीतरी मेलमधून परिच्छेद उचलून टाकायचा आणि त्याच्याबरोबर तिथली साइज, तिथला निळा रंग सगळं आत यायचं. एकदा तर ४२ पानांचा रिपोर्ट क्लायंटकडे उघडला तर ४७ पानांचा झाला, कारण त्याच्या मशीनवर आमचा फॉन्टच नव्हता, अनुक्रमणिकेतले सगळे पान नंबर चुकीचे. तेव्हापासून बाहेर फक्त पीडीएफ, आणि वर्ड फाइल द्यावीच लागली तर फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच भरून. रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये ठरावीक स्टाइल्सच वापरू द्यायची सोय आहे, ती चालू करा, बराच पसारा वाचतो.

इनडिझाइनबद्दल थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा छापायचा वार्षिक अहवाल असेल आणि हाताशी डिझायनर असेल तर त्याच्याइतकं सुंदर काम दुसऱ्या कशात होत नाही. मराठीसाठी पॅराग्राफ स्टाइलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलाय ना ते बघून घ्या, नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. पण दर महिन्याच्या रिपोर्टसाठी वर्गणी भरत राहायची आणि आकडे हाताने बदलत बसायचे हे मला पटलं नाही.

आता लेटेक. इथे टेम्प्लेट म्हणजे एक क्लास फाइल, सगळा ब्रँड तिच्यात, आणि लिहिणाऱ्याने फक्त मजकूर लिहायचा, त्याला रंग बिघडवायची संधीच मिळत नाही. मी कोमा-स्क्रिप्ट या तयार क्लासेसच्या संचातला रिपोर्ट क्लास पाया म्हणून घेतला, रंग हेक्स कोडने एकदाच नाव देऊन ठेवले, हेडर-फूटर त्याच्याच पॅकेजने (पॅकेज म्हणजे जोडून घ्यायचा तयार कोड), कव्हर टिक्झ या चित्रं काढायच्या पॅकेजमध्ये. कव्हर पहिल्यांदा कंपाइल केलं, म्हणजे कोडमधून पीडीएफ काढली, तेव्हा लोगो भलतीकडेच आला, अर्धा दिवस कोऑर्डिनेट तपासत बसलो आणि मग कळलं की पानावर जागा धरून काढलेलं चित्र दुसऱ्यांदा कंपाइल केल्यावरच जागेवर बसतं. मराठीसाठी लेटेकच्या इंजिनांपैकी जुनं पीडीएफलेटेक सोडाच, झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्या. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी सांगायचीच, आणि लुआलेटेकमध्ये रेंडरर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, हार्फबझ. हे विसरलात तर 'स्थिती' वाचता येणार नाही असं उमटू शकतं. भाषा मराठी दिली आणि फॉन्टमध्ये सोय असली की श आणि ल आपल्या वळणाचे येतात, २००९ च्या शासन निर्णयात दिलेत तसे. लाख-कोटीच्या स्वल्पविरामाला एसआययुनिटएक्स पॅकेज आहे, आधी ३ आकड्यांचा गट, मग २-२ चे, म्हणजे १२,३४,५६७ असं आपोआप. हिशेबाच्या रिपोर्टला ही फार मोठी सोय आहे. तोटा असा की पूर्ण टेक लाइव्ह (लेटेकचा इन्स्टॉल करायचा संच) काही जीबी जागा खातं आणि एरर मेसेज नवीन माणसाला घाबरवतात, आमच्याकडची मुलगी पहिल्या आठवड्यात एका सुटलेल्या महिरपी कंसापायी रडकुंडीला आली होती आणि चूक तिची नव्हतीच, मी तिला काही शिकवलंच नव्हतं.

टाइप्स्ट मी सगळ्यात शेवटी धरलं आणि आज आमचे मासिक रिपोर्ट त्यावरच निघतात. २०२३ मध्ये ओपन सोर्स झालं, एकच छोटी फाइल इन्स्टॉल करायची, टाइप करता करता पान समोर बदलतं आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते साध्या भाषेत सांगतं. लोगोची एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) थेट घेतं, लेटेकमध्ये ती आधी पीडीएफ करून घ्यावी लागते. सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची साधी फाइल) सरळ वाचतं, मीटर रीडिंगची फाइल बदलली की टेबल बदललं, आणि टेबल तीन पानं चाललं तरी वरची हेडिंगची ओळ प्रत्येक पानावर येते. लेटेकमध्येही हे सगळं होतं, पण प्रत्येकासाठी वेगळं पॅकेज शोधावं लागतं. उणीव म्हणाल तर टाइप्स्ट वयाने लहान आहे, आवृत्ती बदलली की जुना कोड कधीकधी अडतो, म्हणून आम्ही टेम्प्लेटबरोबर आवृत्तीचा नंबर लिहून ठेवतो आणि मनात आलं म्हणून अपडेट करत नाही. समीकरणं आणि संदर्भसूचीचं जड काम असेल, किंवा ऑफिसात आधीच लेटेक येणारं कोणी असेल, तर मी तुम्हाला तिथून हलवणार नाही.

क्लायंटला रिपोर्टमध्ये स्वतः बदल करायचे असतील किंवा ऑफिसातली ५-६ माणसं एकाच फाइलवर लिहीत असतील तर वर्डच घ्या, फक्त टेम्प्लेटला दोन दिवस मन लावून द्या. तोच साचा दर महिन्याला नव्या आकड्यांनी भरायचा असेल आणि बाहेर पीडीएफच जाणार असेल तर टाइप्स्ट.

फॉन्टला आम्ही मुक्ता घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, फुकट आहे, सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत आणि इंग्रजी अक्षरं त्यातच असल्यामुळे दोन लिप्या शेजारी खटकत नाहीत.

कोणताही रस्ता धरा, कव्हर मागाहून करा, आधी चाचणीचं एक पान करा. त्यात 'दऱ्याखोऱ्या', 'शिल्लक', 'स्थिती' असे शब्द, लाखातला एक आकडा, एक लांब टेबल आणि लोगो टाका, आणि ते ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढून झेरॉक्स करून बघा. आमचा हेडिंगचा पोपटी स्क्रीनवर छान दिसत होता, झेरॉक्सवर तो जवळजवळ गायबच झाला, शेवटी हेडिंगला गडद हिरवा घेतला आणि पोपटी फक्त कव्हरच्या पट्टीला ठेवला.