नवं सोनोग्राफी मशीन: चित्र देखणं, पण खड्याची सावली शोधावी लागते

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मधल्या किमतीच्या बहुतेक मशीनवर हीच बटणं वेगवेगळ्या नावांनी असतात. परभणीत माझं छोटं सेंटर आहे. गरोदर बाया, पोटदुखी, आणि ऊन तापायला लागलं की मुतखडेच मुतखडे. मशीन मी त्याच हिशोबानं पारखते.

हार्मोनिक इमेजिंग एक नंबर. जाड पेशंटमध्ये पोटावरच्या चरबीतून जाताना आवाजाची लहर विस्कटते आणि पित्ताशयात धुकं भरल्यासारखं दिसतं. इथे मशीन एकापाठोपाठ दोन उलटसुलट लहरी सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनींची बेरीज करतं. मूळ फ्रिक्वेन्सी कटते, उरते ती शरीरातच तयार झालेली दुप्पट फ्रिक्वेन्सी. पित्ताशय काळंभोर, भिंत स्वच्छ! दर ओळीला दोनदा लहर सोडावी लागत असल्यानं फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांची संख्या, मात्र पडतो. पोटाला चालून जातं, गर्भाचं हृदय बघताना मी ते बंद ठेवते.

मेनूत दडलेली एक सोय बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. मशीन आवाजाचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरून चालतं, चरबीत तो 1450 च्या आसपास असतो. मशीनमधला 1540 चा आकडा जरा खाली आणला की जाड पेशंटमध्ये चित्राच्या कडा आवळून येतात.

आता तक्रार. कंपनीच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगमध्ये, कंपाउंडिंग आणि दाणे घालवणारा फिल्टर, दोन्ही चढे ठेवलेत. कंपाउंडिंगमध्ये बीम (लहरींचा झोत) वेगवेगळ्या कोनांतून फिरवून फ्रेमची सरासरी काढतात. त्यानं दाणेदारपणा जातो, लिव्हर साईसारखं मऊ दिसतं, आणि डेमोला बघणारे खूश होतात (डेमोचा माणूसही सडपातळच निवडलेला!). पण तिरपा बीम खड्याच्या मागेही पोचतो, म्हणून सावली फिकी पडते. आम्हाला तर तीच हवी असते, कारण खडा त्याच्या मागच्या काळ्या सावलीवरूनच ओळखतो.

गंगाखेडकडचे एक शेतकरी आले होते, कळ कमरेतून थेट जांघेत. मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते तिथे पांढरा ठिपका होता, मागे सावली नाही. कंपाउंडिंग बंद केलं, फोकस ठिपक्यावर आणला, तर काळी रेघ सरळ खाली उतरली. कलर डॉपलर (एरवी रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावला तसा ठिपका लाल-निळा चमचमला, हीही खड्याचीच खूण.

"म्याडम, खडा हाय का पडला?"

"आहे अजून काका, पाच मिलिमीटरचा."

आता ‘खडा’ नावाचा वेगळा प्रीसेटच करून ठेवलाय: कंपाउंडिंग बंद, फिल्टर सगळ्यात खालच्या पायरीवर. घेणाऱ्यांनी डेमोतच हे दोन्ही बंद करून चित्र बघावं. पोटावर फिरवतात त्या प्रोबनं जे पकडलंच नाही ते फिल्टर कुठून आणणार?

बाकी किरकोळ. पंख्याची जाळी धुळीनं लवकर तुंबते, स्वतःच काढून साफ करावी. यूपीएसशिवाय मशीन लावूच नये. सर्व्हिसवाला संभाजीनगरहून येतो आणि ऐन मे महिन्यात त्याचा फोन लागत नाही. जुनं मशीन बदलून हे घेणार असाल तर पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा) समुचित प्राधिकाऱ्यांना महिनाभर आधी कळवावं लागतं, तेव्हा डीलरला तारीख त्यानंतरचीच द्या.