रबरी सुट्या भागांचे सीमाशुल्क वर्गीकरण : सोलापुरातील एका सेवेचा अनुभव

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला आमचे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. ऊसवाहतुकीचा हंगाम सुरू होण्याच्या आधी पाट्याचे बुश, इंजिन माउंटिंग, ऑइल सील आणि रेडिएटरचे होस पाइप यांची मागणी एकदम वाढते, आणि त्यातला बराचसा रबरी माल आम्ही काही वर्षांपासून तैवान व थायलंडमधून थेट मागवतो. माल न्हावाशेवा बंदरात उतरतो आणि तो सोडवून घेण्यासाठी कस्टम्स ब्रोकर लागतो. बाजारात त्याला अजूनही जुन्या नावाने ‘सीएचए’ (कस्टम हाउस एजंट) असेच म्हणतात. गेल्या वर्षभरात होटगी रस्त्यावरील एका छोट्या कार्यालयाकडून आम्ही दोन खेपांचे वर्गीकरण आणि कागदपत्रांचे काम करून घेतले, त्या सेवेचे हे परीक्षण. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण शेवटच्या बिलावरून त्यांच्याशी आमचे बोलणे अजून मिटलेले नाही आणि पुढची खेपही त्यांच्याच हाती द्यायची आहे.

आधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. पूर्वी आमचे काम मुंबईतील एक एजंट पाहत असे. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर ‘ऑटो पार्ट्स’ असे लिहिलेले असे आणि तेवढ्यावर तो सगळा माल शुल्क-अनुसूचीतील ८७०८ या चार आकडी शीर्षकाखाली, म्हणजे मोटार वाहनांचे भाग व उपसाधने म्हणून, घोषित करीत असे. सीमाशुल्क खात्याने कधी हरकत घेतली नाही, त्यामुळे आम्हालाही ते बरोबरच वाटत राहिले. जास्त शुल्क भरणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात यायला चार वर्षे लागली.

नव्या कार्यालयात पहिल्या भेटीला मी मालाची यादी घेऊन गेलो आणि प्रत्येक भाग कोणत्या गाडीचा आहे ते सांगू लागलो. तेथील बाईंनी, ज्या स्वतः परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आहेत, मला मध्येच थांबवून म्हटले, “साहेब, गाडीचं नंतर सांगा. आधी हा बुश कशाचा आहे ते सांगा.” मग त्यांनी ६३ नगांपैकी प्रत्येकाचा एक नमुना मागून घेतला, आणि दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा आमचा पाट्याचा बुश करवतीने मधोमध कापून टेबलावर ठेवलेला होता.

या प्रश्नामागे कायदा आहे. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत वाहनांचा जो सतरावा विभाग आहे, त्याच्या आरंभीच दुसऱ्या टिपेत असे म्हटले आहे की ‘भाग’ आणि ‘भाग व उपसाधने’ या शब्दांत काही वस्तू धरल्या जाणार नाहीत, मग त्या वाहनासाठीच बनवलेल्या असल्या तरी. त्या वगळलेल्या वस्तूंमध्ये कोणत्याही पदार्थाचे वॉशर व तत्सम वस्तू येतात आणि कठीण रबर सोडून इतर व्हल्कनाइज्ड (गंधकाने पक्के केलेल्या) रबराच्या ४०१६ या शीर्षकातील वस्तूही येतात. म्हणजे नुसत्या रबराचा बुश एखाद्याच मॉडेलच्या ट्रकला बसत असला, त्या कंपनीचा भाग क्रमांक त्यावर उमटवलेला असला, तरी तो रबराच्या, म्हणजे चाळिसाव्या, प्रकरणात जातो. रबरी बुशांना तर ४०१६९९६० असा स्वतंत्र आठ आकडी क्रमांकच आहे. त्याच कुळातला पहिला क्रमांक, ४०१६९९१०, सूतगिरण्यांत लागणाऱ्या रबरी कॉट्सचा आहे, हे पाहून चादरीच्या या गावातल्या माणसाला जरा आपलेपणा वाटला, हे कबूल करतो.

पैशात याचा अर्थ काय होतो तेही त्यांनी कागदावर मांडून दाखवले. २०१८ च्या अर्थसंकल्पात ८७०८ मधील भागांवरील मूळ सीमाशुल्क १५ टक्क्यांवर गेले. रबरी बुशासाठी ते १० टक्के धरले आणि मालाचे मूल्य १० लाख रुपये मानले, तर दहा टक्के समाजकल्याण अधिभारासह एका बाजूला १,१०,००० रुपये आणि दुसऱ्या बाजूला १,६५,००० रुपये होतात. हे मधले ५५,००० रुपये थेट मालाच्या किमतीत चढतात, कारण त्यांची वजावट मिळत नाही. आयजीएसटीची, म्हणजे आयातीवरील जीएसटीची, वजावट मिळते, पण तोपर्यंत भांडवल अडकते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ट्रकच्या ८७०८ मधील भागांवर २८ टक्के आणि ४०१६ वर १८ टक्के असा फरक होता, त्यामुळे याच दहा लाखांवर सव्वा लाखाहून अधिक रक्कम आयजीएसटीच्या रूपाने आम्ही विनाकारण आगाऊ भरत होतो. त्या तारखेपासून दोन्हीकडे १८ टक्के झाल्याने ती बाजू निवळली. मूळ शुल्काची राहिलीच.

साहजिकच मी विचारले की मागच्या चार वर्षांचे पैसे परत मिळतील का. येथे या कार्यालयाबद्दल माझे मत खऱ्या अर्थाने चांगले झाले. परताव्याच्या अर्जाची फी घेऊन आम्हाला आशेवर ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी स्पष्ट सांगितले की परताव्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या प्रकरणात असा निर्णय दिला आहे की आकारणीतच, मग ती आयातदाराने स्वतः केलेली का असेना, आधी बदल करून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. जुन्या बिल ऑफ एंट्रींवर (आयातीच्या घोषणापत्रांवर) डोके आपटण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत पडले आणि आम्ही ते मानले.

आठवड्याभरात हाती आलेला तक्ता हा या सेवेचा गाभा आहे. प्रत्येक नगापुढे घटक पदार्थ, काम, सुचवलेला क्रमांक, त्याचे कारण आणि सीमाशुल्क खाते कोणता दुसरा क्रमांक पुढे करू शकेल, असे रकाने होते. ओ-रिंगला ४०१६९३२० आणि ऑइल सीलला ४०१६९३३० हे क्रमांक अपेक्षित होते. पण ज्या ऑइल सीलमध्ये धातूची रिंग आणि स्प्रिंग असते त्यांच्यासाठी यंत्रभागांच्या ८४८७ या शीर्षकाचा मुद्दा निघू शकतो, अशी सूचना शेजारी लिहिलेली होती. वेगवेगळ्या पदार्थांच्या गॅस्केटचा एकाच पाकिटात भरलेला संच मात्र ८४८४ मध्ये जातो, त्यामुळे सुटी रबरी गॅस्केट आणि इंजिनाचे पूर्ण गॅस्केट किट या दोन ओळी वेगळ्या झाल्या. होस पाइप ४००९ मध्ये गेले, आणि तिथेही आतला थर कापडाचा की धातूचा, टोकाला जोड बसवलेले आहेत की नाहीत, यावर पुढचे आकडे बदलतात. फॅन बेल्ट ४०१० मध्ये. त्याचा बाहेरचा घेर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि १८० पर्यंत आहे की त्याच्या पुढे, यावर उपशीर्षक ठरते, म्हणून कार्यालयातील मुलगा शिंप्याच्या फितीने एकेक बेल्ट मोजत बसला होता.

सर्वांत सूक्ष्म काम दाराच्या बीडिंगचे झाले. आम्ही ते दोन प्रकारे मागवतो: एक गुंडाळीत आणि दुसरे मापाने कापलेले. माझी समजूत अशी होती की कापले म्हणजे वस्तू तयार झाली. प्रत्यक्षात चाळिसाव्या प्रकरणाच्या नवव्या टिपेनुसार व्हल्कनाइज्ड रबराचा प्रोफाइल (ठरावीक आकाराची सलग पट्टी) नुसता लांबीला कापला तरी तो ४००८ मध्येच राहतो. त्याहून अधिक काम झाले, म्हणजे कोपरा साच्यात घालून जोडला किंवा भोके पाडली, की तो ४००८ मधून बाहेर पडतो. आमच्या कापलेल्या बीडिंगपैकी एकाच प्रकाराला साच्यातला कोपरा होता, आणि तो एकटा ४०१६ मध्ये गेला.

सगळे निष्कर्ष आमच्या फायद्याचे निघाले नाहीत, आणि या तक्त्यावर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. तैवानहून येणारे पिवळ्या रंगाचे बुश आम्ही रबराचेच समजत होतो. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ते थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनचे असल्याचे निघाले. चाळिसाव्या प्रकरणात कृत्रिम रबराची कसोटी फार नेमकी आहे: गंधकाने व्हल्कनाइज होऊन पदार्थ कायमचा बदलला पाहिजे, १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटता कामा नये, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परत आला पाहिजे. उष्णतेने पुन्हा मऊ होणारा पदार्थ या व्याख्येत बसत नाही. तो प्लॅस्टिक ठरतो, वाहनांचे भाग प्लॅस्टिकच्या प्रकरणातून वगळलेले आहेत, आणि वाहनासाठीच बनवलेला तो पिवळा बुश पुन्हा ८७०८ मध्ये जातो. दिसायला एकसारखे दोन बुश, आणि त्यांत मूळ शुल्काचा पाच टक्क्यांचा फरक. मी म्हटले, कोण पाहणार आहे? त्यावर त्यांनी सीमाशुल्क अधिनियमाचे कलम २८ समोर ठेवले: कमी भरलेल्या शुल्काची मागणी एरवी दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत होऊ शकते, त्यावर १५ टक्के व्याज चढते, आणि दडवल्याचे सिद्ध झाले तर तेवढाच दंडही होतो. माहितीपत्रक आमच्या ई-मेलमध्ये पडलेले असताना ‘माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय उरत नाही.

पहिली खेप आली तेव्हा या तयारीची परीक्षा झाली. २०२० पासून आकारणी चेहराविरहित पद्धतीने होते, म्हणजे माल न्हावाशेव्यात असला तरी कागद देशातल्या कोणत्याही बंदरावरील अधिकाऱ्यासमोर जाऊ शकतो. ओळखीपाळखीचा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला, आणि लेखी कारणांना किंमत आली. आम्हाला प्रश्न आलाच: वाहनाचे भाग असताना ८७०८ का नाही? वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर प्रकरणातील २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे प्रश्न वाढले, कारण त्या निकालात रेल्वे सिग्नलच्या रिलेचे वर्गीकरण त्यांच्या मुख्य वापरावरून झाले होते. तो निकाल वाहनांच्या सर्व भागांना यांत्रिकपणे लावू नये, अनुसूचीतील विभागांच्या टिपा आणि इतर निकालही पाहावेत, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ५ जानेवारी २०२२ रोजी काढलेली आहे. कार्यालयाने त्या सूचनेसह, दुसऱ्या टिपेसह आणि कापलेल्या बुशाच्या छायाचित्रासह त्याच दिवशी उत्तर पाठवले. तिसऱ्या दिवशी माल सुटला. आधीच्या एजंटाकडे असा प्रश्न आला असता, तर उत्तर तयार होईपर्यंत गोदामभाडे किती चढले असते याचा हिशेब मी केलेला नाही.

थायलंडच्या मालावर आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) व भारत यांच्यातील व्यापार करारानुसार शुल्कात सवलत घेण्याचा विचारही झाला. पुरवठादार मूळ देशाचे प्रमाणपत्र आनंदाने देत होता, पण २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. माल तिथेच बनला हे दाखवणारी माहिती आयातदाराकडे असावी लागते, आणि त्या करारात ३५ टक्के स्थानिक मूल्याची अट आहे. पुरवठादाराने खर्चाचा तपशील द्यायला नकार दिला, तेव्हा सवलत न मागता पूर्ण शुल्क भरण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला मला थोडा जास्तच सावध वाटला. दुसरा एखादा ब्रोकर पुरवठादाराशी आणखी दोन पत्रे करून पाहता.

उणिवा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. संपूर्ण तक्ता इंग्रजीत आहे. आमच्या गोदामातला माणूस माल लावताना त्याचा उपयोग करू शकत नाही, आणि मराठीत एक पान करून द्या ही विनंती दोनदा करूनही पूर्ण झालेली नाही. शनिवारी दुपारनंतर फोन उचलला जात नाही, आणि जहाज नेमके शनिवारीच लागते असा आमचा अनुभव आहे. फीची पद्धत नगागणिक आहे, आणि तिथेच वाद आहे: चौदा मापांचे ऑइल सील एकाच पदार्थाचे, एकाच कामाचे आणि एकाच क्रमांकाचे असताना त्यांचे चौदा नग म्हणून बिल लावले गेले. फी सुरुवातीला लेखी ठरवून घेतली नाही, ही चूक माझी. इतरांनी ती करू नये.

ज्यांना वर्षाकाठी दोन-तीन प्रकारचाच माल मागवायचा आहे, त्यांना एवढ्या खर्चाची गरज नाही. केंद्रीय मंडळाचे २०२१ पासून सुरू असलेले माहिती पोर्टल क्रमांक घातला की शुल्क, लागणारे परवाने आणि कागद दाखवते, आणि ते विनामूल्य आहे. मात्र कोणता क्रमांक घालायचा हे ते ठरवून देत नाही, आणि यादी मिश्र असली की सारी मेख तिथेच असते.

इंजिन माउंटिंगचा प्रश्न अजून उघडा आहे. वर-खाली लोखंडी पट्टी आणि मध्ये व्हल्कनाइज करून चिकटवलेले रबर, अशा वस्तूचे मूळ स्वरूप रबराचे मानायचे की धातूचे, यावर ४०१६ आणि ८७०८ अशा दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतो. कार्यालयाने यासाठी मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करण्याचे सुचवले आहे. सरकारी फी १०,००० रुपये आणि निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित. अर्जाचा मसुदा तयार आहे, नमुन्याची तीन माउंटिंगे त्यांच्या टेबलावर आहेत, आणि ऑइल सीलच्या बिलातून दहा नगांची फी वगळली की मी सही करायला होटगी रस्त्यावर जाणार आहे.