सागवान की बिजा? जुनी बंगई (झोपाळा), कपाट घेण्याआधी

वाडा मोडायला काढला की जुनं सामान अंगणात येतं, आणि विकणारा प्रत्येक नगाला 'अस्सल सागवान' म्हणतो. आमच्या पूर्व विदर्भात त्यातलं पुष्कळसं बिजा (बिवळ्याचं लाकूड) निघतं, थोडं शिसम, क्वचित हळदू. बिजा निघाला म्हणजे फसलो असं मुळीच नाही. मात्र सागाचा भाव देऊन तो घेऊ नये.

पॉलिशकडे बघू नका, धुरानं आणि हातांनी सगळीच लाकडं काळपटतात. कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. खालच्या अंगाला सहसा पॉलिश नसतं. मालकाला विचारून फळीच्या टोकाची चिमूटभर जागा धारदार ब्लेडनं साफ कापा आणि ओलं बोट फिरवा. सागात वाढीची वलयं उठून दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, सुईनं टोचत गेल्यासारखी. बिजात छिद्रं पसरलेली असतात, रांग अशी ठसठशीत नसते. खरवडलेला साग बोटाला तेलकट लागतो, वास चामड्यासारखा येतो. बिजाला हे दोन्ही नाही. त्याचा गाभा पिवळसर तपकिरी, मधूनच लालसर रेघा.

वजनही बोलतं. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो, बिजा २२ च्या आसपास, शिसम २४. म्हणून नुसता खण उचलला तरी अंदाज येतो.

आमच्या घरची बंगई सागाची, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. मागे ती घासून काढली आणि ओल्या फडक्यानं पुसली, तर फडकं पिवळं! वाढईनं (सुतारानं) तिथलाच चिमूटभर कीस काचेच्या पेल्यात रात्रभर भिजवला. सकाळी पाणी पिवळसर झालं होतं, आणि पेला उन्हात धरला तर काठाशी निळी झाक. हा बिजाच. सागाचा कीस असं निळं पाणी देत नाही. इतकी सोपी आणि खात्रीची परीक्षा दुसऱ्या कुठल्या लाकडाला मला माहीत नाही.

शिसम ओळखायला वेळ लागत नाही: जांभळट काळसर, जड, गुळगुळीत. हळदू नावासारखाच पिवळा, पोत इतका बारीक की छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. जड, खरबरीत, गडद तपकिरी फळी आणि लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग दिसले, तर ऐन या लाकडाचा संशय घ्या.

घ्यायचं काय? दारं-खणांचं कपाट असेल तर मी सागालाच जास्त पैसे देईन. तो पावसाळ्यात फार फुगत नाही, उन्हाळ्यात फार आकसत नाही, खण अडकत नाहीत. बंगई, पलंग, तक्तपोस यांना बिजा उत्तम. मजबूत, टिकाऊ, आणि योग्य भावात मिळाला तर सोडूच नका. फक्त ओल्या भिंतीला टेकवू नका, चुन्यावर पिवळा डाग उतरतो.

एक मात्र कराच. दर्शनी भाग सागाचा असला तरी मागची फळी आंब्याची असू शकते. तिथे बारीक छिद्रं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर घुण अजून जिवंत असण्याची शक्यता धरा. ती फळी बदलण्याचा खर्च आधी भावातून वजा करा, मग हो म्हणा.