लिव्हर साफ करायला गेले आणि कावीळ झाली

गेल्या वर्षी मे महिन्यात, आंब्याची धावपळ संपत आली तेव्हा माझं पोट उजव्या बाजूला जड वाटायला लागलं. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला जाऊन सोनोग्राफी केली. ग्रेड 2 फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतो तो आकडा) 68, शुगर काठावर, वजन 76 किलो. डॉक्टरांनी एकही गोळी लिहून दिली नाही. ‘सहा-सात किलो वजन उतरवा, गोड बंद करा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या,’ एवढंच म्हणाले. मी नाराज होऊन घरी आले. गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरांनी काही केलंच नाही, असं वाटलं. त्या नाराजीतूनच मी फसले.

बचत गटातल्या एका मैत्रिणीने मंगल कार्यालयातल्या ‘मोफत तपासणी’ला नेलं. तिथे हातात धातूची एक दांडी धरायला दिली आणि मिनिटभरात यंत्रातून चार पानांचा रिपोर्ट निघाला: लिव्हरमध्ये विष साठलंय. रक्त घेतलं नाही, सोनोग्राफी नाही. दांडी धरून लिव्हरची चरबी कळत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या हातात खरा रिपोर्ट असल्यामुळे त्यांचा रिपोर्टही मला खरा वाटला.

तीन महिन्यांचा कोर्स 14,400 रुपयांना. दोन प्रकारच्या कॅप्सूल आणि एक सिरप. मी कचरत होते, तेव्हा तिथला कोर्स विकणारा माणूस म्हणाला, ‘ताई, यात कोकमच आहे. तुमच्या परसातलं. कोकमाने कधी कुणाला काही झालंय का?’ मी लहानपणापासून आमसुलं वाळवत आलेय, सोलकढी रोजची. पैसे मोबाइलवरून त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवले. पावती मागितली नाही.

पाचव्या आठवड्यात तोंडाची चव गेली. सकाळी चूल पेटवायलाही उठवेना. मग खाज सुटली, लघवी गडद पिवळी. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘छान! विष बाहेर पडतंय. आता बंद केलंत तर सगळं वाया जाईल. डोस दुप्पट करा.’ आणि मी दुप्पट केला. हे मला इथे मुद्दाम सांगायचंय, कारण बाकी सगळं पैशांचं नुकसान होतं, या एका वाक्याने माझ्या जिवाशी खेळ झाला. औषध घेतल्यावर त्रास वाढला तर तो औषध लागू पडल्याचा पुरावा म्हणून सांगतात. असं म्हटल्यावर माणूस थांबणार कधी?

थांबवलं सासूबाईंनी. नऊ-दहा दिवसांनी तांदूळ निवडताना त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ‘गो, तुझे डोळे पिवळे दिसतत.’ त्याच दुपारी आम्ही सावंतवाडी गाठली. एसजीपीटी 640, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) 4.2. हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या काविळीच्या, तपासण्या निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘बाहेरचं काय घेताय?’ मी बाटल्या सोबत नेल्या होत्या म्हणून निदान लवकर झालं.

लेबलवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं: ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया कंबोजिया. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. हे त्याच कुळातलं दुसरं झाड, त्याच्या सालीचा घट्ट केलेला अर्क वजन उतरवायच्या कॅप्सूलमध्ये घालतात. या दोन्ही अर्कांनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. कपभर ग्रीन टी पिणं वेगळं, कॅप्सूलमधला अर्क वेगळा. त्याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हेही होतं. आणि ज्या 14 आकडी नंबरवर बोट ठेवून ‘सरकारमान्य’ म्हणून सांगितलं होतं, तो अन्नपदार्थाच्या परवान्याचा नंबर निघाला. त्या नंबरवरून औषध लिव्हरवर चालतं असं काही सिद्ध होत नाही.

सगळं बंद केलं. आकडे जागेवर यायला अडीच महिने लागले.

मग डॉक्टरांचं पहिलं सांगणं ऐकलं. त्या माणसाने नारळ आणि मासे बंद करायला लावले होते, डॉक्टरांनी मासे खा म्हटलं, फक्त तळलेले नकोत. बांगडा आता तिखल्यात, म्हणजे आमच्याकडच्या तिखट कालवणात जातो. चहातली साखर, बटर-खारी आणि साखरेच्या पाकातलं कोकम सरबत गेलं. दोन्ही वेळच्या भाताचा एक वेळ झाला, तोही एक वाटी, सोबत कुळीथ किंवा पालेभाजी. पहाटे किनाऱ्यावरून पाऊण तास चालते. पावसाळ्यात घराच्या पडवीतच फेऱ्या मारल्या. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी आणि सूज बरीच कमी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दहा महिन्यांत मी 76 वरून 70 वर आले. सोनोग्राफीत आता ग्रेड 1 आहे.

मैत्रिणीवर माझा राग नाही. तिने स्वतः कर्ज काढून त्याच औषधाचे चाळीस डबे घेतलेत, ते तिच्या माळ्यावर पडून आहेत. त्या माणसाचा फोन बंद आहे. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा पावती मागितली. माझ्याकडे फक्त मोबाइलवरून पैसे गेल्याची नोंद आणि त्याचा ‘डोस दुप्पट करा’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज आहे. फोनवर बोलल्यावर त्याने तो पाठवला होता. अर्धी भरलेली बाटली मी फेकलेली नाही, लेबलसकट कपाटात ठेवलीय.