80:20 पाम नूडल्स: माल चांगला, पण पातेल्यात वितळवायचा नाही

साबणाच्या वेष्टनावर ‘सोडियम पामेट’ वाचून बरेचजण बिचकतात. पाम तेलात कॉस्टिक सोडा घातला की जो साबण होतो, त्याचंच हे नाव. शेजारी ‘सोडियम पाम कर्नलेट’ असतो, तो त्याच फळाच्या बीमधल्या तेलाचा. दोन्ही 80 ला 20 या प्रमाणात घेतले की साबणाचे नूडल्स, म्हणजे वडी करायचा कच्चा माल, होतात: जाड शेवयांच्या तुकड्यांसारखे, पांढरट, 25 किलोच्या पोत्यात. मूळ तेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचं. 2022 साली एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली, तेव्हा साबणवाल्यांचीही झोप उडाली होती.

कामगिरी आधी. पाम तेलात पामिटिक आम्ल सुमारे 44 टक्के, म्हणून वडी कडक होते आणि साबणदाणीत लवकर लगदा होत नाही. फेस दाट येतो, पण सावकाश. झटपट फेस देतो तो 20 टक्क्यांचा कर्नलवाला भाग. फेसाच्या हौसेपायी तो 30-40 पर्यंत वाढवला की आंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी वाटते. रोजच्या वापराला 80:20 च बरा. बोअरच्या जड पाण्यात मात्र हा साबण फाटतो आणि बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो. दोष पाण्यातल्या कॅल्शियमचा, पण साबण बदलून तो जाणार नाही.

तक्रारी येतात त्या बहुतेक घरगुती साबण करणाऱ्यांकडून. हा ‘मेल्ट अँड पोअर’ बेस, म्हणजे वितळवून थेट साच्यात ओतायचा तयार साबण, नव्हे. गॅसवर ठेवला की वितळत नाही, बुडाशी करपतो आणि वर कोरडाच राहतो. करायचंच असेल तर किलोभर नूडल्सना 150 ते 200 मिली शुद्ध पाणी, भांड्यात भांडं ठेवून मंद आच, आणि घट्ट पिठल्यासारखं झालं की साच्यात दाबून भरायचं. नंतर तीन-चार आठवडे वाळवणं. तरी वडी आक्रसते आणि कडा वेड्यावाकड्या होतात. लिंबाचा रस तर अजिबात नको. आम्लाने साबण मोडून पुन्हा चरबी-आम्ल सुटतं आणि वडी तेलकट, चिकट होते. याच कारणाने खऱ्या साबणाचा पीएच 9-10 च्या खाली फारसा आणता येत नाही. वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

यंत्र असेल तर माल गुणी आहे. मिक्सरमध्ये नूडल्स, रंग, एखादा टक्का सुगंध, मग रोलर मिल, मग प्लॉडर, म्हणजे साबण दाबून सलग पट्टी काढणारं यंत्र. प्लॉडरच्या नळकांड्यात गार पाणी फिरतं हवं आणि तोंडाचा शंकू 45 ते 55 अंशांवर. शंकू गार राहिला तर पट्टी खडबडीत निघते, जास्त तापला तर फोड येतात. नूडल्स फार वाळलेले असतील तर वडीत खडे लागतात आणि वापरताना ती उभी तडकते.

हिशेब इथे चुकतो. पोत्यावर टीएफएम (साबणातल्या एकूण चरबी-आम्लांची टक्केवारी) 78 असेल आणि 100 किलोत 10 किलो शंखजिरे (टाल्क) भर म्हणून घातलं, तर 78 भागिले 110, म्हणजे जेमतेम 71 उरतो. आंघोळीच्या साबणाच्या आयएस 2888 या भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीला किमान 76 लागतो, दुसरीला 70, तिसरीला 60. पहिली प्रत राखायची तर सगळी भर मिळून अडीच किलोच्या आत. मिलिंगमध्ये पाणी उडून टीएफएम थोडा चढतो, पण त्याच्या भरवशावर वेष्टन छापू नये.

पोतं घेताना मूठभर नूडल्स चोळून बघा. पिठासारखे सुटले तर शिळे, बोटाला चिकटले तर ओले. मोकळा कॉस्टिक तपासायला फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) थेंब पाण्यातल्या द्रावणात टाकून ‘गुलाबी झालं, माल जहाल’ असं ओरडणारे पुष्कळ. पाण्यात कुठलाही चांगला साबण गुलाबीच होणार. उदासीन अल्कोहोल गरम करून त्यात विरघळवा. तिथे गुलाबी आला तरच परत पाठवा.

उघडलेलं पोतं पावसाळ्यात दोरीने घट्ट बांधून फळीवर ठेवा, फरशीवर नको. आणि मसाल्याच्या डब्यांपासून लांब: वास फार लवकर धरतो.